रेंज गेल्यावरचा खेळ

भगिनींनो, वेळ घालवणे हा शब्द आपल्याकडे शिवीसारखा वापरतात. पहाटेच्या धारांपासून रात्री मोटार चालू करायला जाणाऱ्याच्या हाती बॅटरी देईपर्यंत ज्या घरात कुणाला सवड नसते, तिथे तो तसा वापरला जाणारच. तरीही आज मी वेळ घालवण्याच्या बाजूने चार शब्द लिहायला बसले आहे, आणि तेही मोबाईलवर घालवायच्या वेळेच्या. रागावू नका, पुरते वाचा.

झाले असे, की आमच्या नात्यातल्या एका पोराने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन पत्त्यांत दोन महिन्यांचे दुधाचे पैसे घालवले. बातमी आली तशी मामंजींनी फर्मान काढले, "आजपासून या घरात मोबाईलवर एकही खेळ नको. खेळ म्हणजे जुगारच." असल्या पैशाच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये केला, तो काही उगाच नव्हे. त्यामुळे मामंजींचा राग मला समजत होता. पण त्या फर्मानात आमच्या धाकटीचा डायनासोरही सापडला, आणि तिथे मात्र मला तोंड उघडावे लागले.

तो तुम्हीही पाहिला असेल. सातबारा किंवा बाजारभाव बघायला आपण क्रोम उघडतो, नेमकी रेंज जाते, पान कोरे होते आणि एक लहानसा करडा डायनासोर तेवढा उभा राहतो. पुष्कळांना ते नुसते चित्र वाटते. त्याच्यावर बोटाने टिचकी मारा, की तो पळू लागतो. वाटेत निवडुंग येतात, टिचकी मारून त्यांवरून उडी मारवायची. पुढे वेग वाढतो, पंखांचे प्राणी अंगावर येतात, दिवसाची रात्र होते. धडकला की डाव संपला. पैसे नाहीत, नाव नाही, फोन नंबर नाही. रेंज नसताना चालतो, कारण तो क्रोमच्या पोटातच ठेवलेला आहे.

२०१४ साली गूगलच्या माणसांनी तो गमतीने केला. इंटरनेट गेले म्हणजे आपण आदिकाळात गेलो, म्हणून डायनासोर! डाव पुरता संपायला १ कोटी ७० लाख वर्षे लागतील, तो प्राणी पृथ्वीवर जितकी वर्षे होता तितकीच, असे ते सांगतात. २०१८ मध्ये त्यांनी आकडा दिला तो महिन्याला २७ कोटी डावांचा, आणि खेळणारे बहुतेक आपल्यासारख्या, रेंजचा भरवसा नसलेल्या देशांतले. शाळांतून पोरे अभ्यास टाकून खेळू लागली, म्हणून तो बंद करायची सोयही त्यांना करून द्यावी लागली. तेव्हा अगदीच सोवळा आहे असे मी म्हणत नाही!

मी मामंजींना म्हटले, "तुम्ही तरण्या वयात पारावर वाघ-बकरी खेळायचा. त्यात कुणाचे शेत गेले का?"

ते म्हणाले, "सूनबाई, वाघ-बकरीत समोर माणूस बसलेला असायचा."

हे उत्तर मला काही खोडता येईना. खरेच, डायनासोर एकट्याचा खेळ. पोर कोपऱ्यात मान खाली घालून बसते.

मग धाकटीने दुसरा खेळ काढला. 'क्विक, ड्रॉ' त्याचे नाव, २०१६ सालचा. यंत्र एक वस्तू सांगते, आपण २० सेकंदांत बोटाने चित्र काढायचे, आणि ते काढता काढता यंत्र ओळखायला बघते. याला रेंज लागते, आणि आपण काढलेली चित्रे यंत्राला शिकवायला ठेवून घेतात, हेही सांगून ठेवते. पण तो चारचौघांत खेळायचा. धाकटी शब्द वाचून दाखवी, बाकीचे सुचवीत.

आत्याबाईंच्या वाट्याला गाय आली. जन्मभर रांगोळी घातलेले बोट! पण त्यांनी आधी कास काढली, चारी सड नीट मोजून. यंत्र भलतेसलते बोलत राहिले, वेळ संपला. "कासेवाचून गाय कसली?" म्हणून त्या यंत्रावरच रागावल्या. आणि इतका वेळ पाठ फिरवून बसलेले मामंजी उठून आले. "अगं, शिंगं आधी काढ. खिल्लारची शिंगं मागं वळलेली असतात, अशी." दुसऱ्यांदा मात्र यंत्राने गाय झटकन ओळखली. पाच जणांचे घर त्या दिवशी कितीतरी दिवसांनी एकदम हसले. दुधाच्या पैशांचे झाल्यापासून आमच्या ओसरीवर कुणी मोठ्याने बोलतसुद्धा नव्हते.

फर्मान अजून तोंडाने उठलेले नाही. मात्र एवढे ठरले आहे, की जो खेळ पैसे, फोन नंबर किंवा ओटीपी मागेल तो त्याच क्षणी बंद, आणि खेळायचे ते ओसरीवर, सगळ्यांसमोर. परवा पावसाने रेंज गेली, तर मामंजी सुपारी कातरता कातरता धाकटीला विचारत होते, "काय गं, तुझा तो सरडा आज कुठवर पळाला?"