मांद्र्याची लाट आणि प्रकाशाचा स्पंद

गोव्याच्या उत्तर टोकाच्या पेडणे तालुक्यात, हरमल आणि मोरजी यांच्या मध्ये मांद्रे वसले आहे. हा मुलूख सावंतवाडीकरांकडून 1788 साली पोर्तुगिजांकडे गेला व नव्या काबिजादींत मोडू लागला. समुद्र आणि वस्ती यांच्या मध्ये एक चिंचोळी खाडी किनाऱ्याला समांतर वाहते. तिच्यावरचा बांबूचा साकव ओलांडला, की पायांखाली वाळू येते.

हिवाळ्यातील सकाळी येथील समुद्र पाहण्यासारखा असतो. दूर दक्षिणेच्या महासागरात उठलेल्या लांबलचक लाटा ठरावीक अंतराने शिस्तीत येत असतात. दुपारी वायव्येचा वारा सुटला, की चित्र पालटते. आखूड, अवखळ लाटा एकमेकींवर आदळू लागतात. ओहोटीला उघड्या पडलेल्या वाळूच्या दांड्याला वळसा घालून एकाच लाटेचे दोन फाटे पलीकडे भेटतात, तेव्हा सकाळी त्यांची रेखीव जाळी उमटते. दुपारी ती उमटता उमटता विस्कटते. दुपारचा खवळलेपणा तासन्‌तास टिकतो, पण लाटांचा आपसांतला मेळ दोन-चार लाटांपलीकडे टिकत नाही.

किती वेळ टिकले आणि किती वेळ मेळ राहिला, हे दोन प्रश्न निराळे आहेत. भौतिकशास्त्रात पहिल्याला स्पंदाचा कालावधी व दुसऱ्याला सुसंगती म्हणतात.

ज्या प्रकाशाबाबत हे प्रश्न अलीकडे फार महत्त्वाचे ठरले, तो मात्र या किनाऱ्यावर कधीच पोचत नाही. जंबुपार किरणांच्या पार टोकाचा, क्ष-किरणांच्या शेजारचा हा प्रकाश सूर्यापासून निघतो खरा, पण वातावरणाच्या वरच्या थरांतच शोषला जातो. म्हणून प्रयोगशाळेत तो निर्वात नळ्यांतून न्यावा लागतो. भिंगे निरुपयोगी, सारे काम आरशांवर.

त्याचे स्पंद फेम्टोसेकंदांत मोजतात. एका सेकंदाचे 1 वर 15 शून्ये इतके भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे फेम्टोसेकंद. इतके जलद घड्याळ कोणत्याही यंत्रात नाही. मग उपाय एकच: स्पंदाचे दोन तुकडे करायचे, एकाला किंचित लांबच्या वाटेने धाडायचे आणि दोहोंची पुन्हा गाठ घालायची. मिलिमीटरचा हजारावा भाग कापायला प्रकाशाला सुमारे 3.3 फेम्टोसेकंद लागतात. म्हणजे येथे काळ मोजायचा तो आरशाच्या सरकण्यावरून.

जर्मनीतील हँबर्गच्या ‘फ्लॅश’ या लेसरवर 2008-09 च्या सुमारास दोन्ही मोजमापे झाली. दोन तुकडे एकमेकांवर पडले, की काळ्या-पांढऱ्या पट्ट्या उमटतात. वाटेतला फरक वाढवीत गेले, तर त्या पुसट होतात. कधी होतात त्यावरून सुसंगती कळते. ती अवघी काही फेम्टोसेकंद भरली. तेवढ्यावरून स्पंदच तितका आखूड मानला असता, तर निष्कर्ष फसला असता. कालावधीसाठी हेलियमचा अणू साक्षीला घेतला. त्याचे दोन्ही इलेक्ट्रॉन काढायला या प्रकाशाचा एक कण अपुरा पडतो. दोन एकाच वेळी लागतात. तुकडे खरोखर एकत्र पोचले, तरच अशा अणूंची संख्या वाढते. उत्तर आले सुमारे 30 फेम्टोसेकंद. म्हणजे स्पंद एकसंध नव्हता. मांद्र्याच्या दुपारसारखी ती अनेक छोट्या उसळ्यांची गर्दी होती.

हा खटाटोप का, तर अणूतील इलेक्ट्रॉनांची हालचाल टिपायची म्हणून. टिपणाऱ्या झोताचीच लांबी ठाऊक नसेल, तर टिपलेल्या चित्रावर भरवसा कसा ठेवावा? पिएर अगोस्तिनी यांनी 2001 साली लेसर व वायू यांच्या साहाय्याने 250 अॅटोसेकंदांचे, म्हणजे पाव फेम्टोसेकंदाचे स्पंद मोजून दाखविले. फेरेन्स क्राउस व अॅन लुइलिए यांच्यासह त्यांना 2023 चे नोबेल मिळाले.

आपल्या इंदूरच्या वाचकांना तर हे शास्त्र घरापासून लांब नाही. सुखनिवास तलावाकाठी 1984 साली पायाभरणी झालेल्या, आज राजा रामण्णांचे नाव धारण करणाऱ्या केंद्रात ‘इंडस-1’ हे यंत्र 1999 पासून याच जातीचा प्रकाश देऊ लागले. तेथेच लेसरचा झोत धातूंच्या प्लाझ्मातून नेऊन त्याच्या उच्च पटींचे किरण मिळविण्याचे प्रयोगही झाले आहेत.