शेवाळाखालची नावं : एक्टन ते बोस्टन, फ्रँकलिन घराण्याच्या मागावर

अमेरिकेची शंभर डॉलरची नोट तुम्ही निदान सिनेमात तरी पाहिली असेल. तिच्यावरचा लांब केसांचा माणूस म्हणजे बेंजामिन फ्रँकलिन. वादळात पतंग उडवून आकाशातल्या विजेचा अभ्यास करणारा म्हणून तो आपल्याला शाळेपासून ओळखीचा आहे. पण हाच माणूस वयाच्या बावन्नाव्या वर्षी, आपल्या मुलाला सोबत घेऊन, इंग्लंडमधल्या एका खेड्यात पूर्वजांची थडगी शोधत फिरला होता.

चला, आज त्याच्याच मागोमाग जाऊ या. हा प्रवास एका घराण्याचा आहे. एका लोहारशाळेतून निघून समुद्रापार बोस्टनला पोहोचलेल्या घराण्याचा. आणि वाटेत एक माणूस भेटेल, ज्याचं नाव या वंशावळीत कुठेच नाही.

सुरुवात लंडनमधून

लंडनला गेलात, तर चेरिंग क्रॉस स्टेशनच्या अगदी शेजारी क्रेव्हन स्ट्रीट नावाची छोटी गल्ली आहे. तिथल्या ३६ नंबरच्या घरात आता फ्रँकलिनचं संग्रहालय आहे. १७५७ मध्ये पेनसिल्व्हेनिया वसाहतीचा प्रतिनिधी म्हणून तो लंडनला आला आणि याच गल्लीत भाड्याने राहू लागला. तेव्हा अमेरिका स्वतंत्र देश नव्हती. फ्रँकलिनही स्वतःला इंग्रज राजाचा प्रजाजन समजत होता. त्यामुळे इंग्लंड त्याच्यासाठी परका मुलूख नव्हता, वडिलांचा गाव होता. फक्त तो गाव त्याने नीट पाहिला नव्हता.

१७५८ च्या उन्हाळ्यात त्याने ते मनावर घेतलं. सोबत होता मुलगा विल्यम. तो लंडनमध्ये कायद्याचं शिक्षण घेत होता. या सहलीची हकिकत फ्रँकलिनने सप्टेंबरमध्ये आपल्या बायकोला, डेबोराला, लांबलचक पत्रात कळवली. म्हणूनच अडीचशेहून जास्त वर्षांनंतरही आपल्याला ही वाट पावलापावलाने चालता येते.

एक्टन : चर्च, वही आणि घड्याळाचे सूर

नॉर्थॅम्प्टनहून वेलिंगबरोकडे जाताना नेन नदीच्या खोऱ्याच्या कडेला एक्टन लागतं. पिवळसर तपकिरी दगडाची घरं आणि मधोमध सेंट मेरी मॅग्डालीनचं जुनं चर्च. फ्रँकलिन कुटुंब या गावात निदान तीनशे वर्षं राहिलं, असं बेंजामिनला काकांच्या टिपणांवरून कळलं होतं. सुमारे तीस एकर स्वतःच्या मालकीची जमीन आणि जोडीला लोहारकाम, हा त्यांचा संसार.

'फ्रँकलिन' हे आडनावच मुळात एका वर्गाचं नाव होतं. जमीनदारही नाही आणि कूळही नाही, असा स्वतःच्या जमिनीचा मोकळा मालक म्हणजे फ्रँकलिन. आपल्याकडे पाटील, कुलकर्णी, देशमुख ही पदं पुढे आडनावं झाली, तसाच काहीसा हा प्रकार.

बापलेक गावात पोहोचले, तेव्हा घराण्याचं जुनं दगडी घर उभं होतं, पण पडझड झालेलं. लोक अजून त्याला 'फ्रँकलिन हाउस' म्हणत. आत शाळा भरत होती. थोरल्या काकांच्या एकुलत्या एक मुलीने आणि तिच्या नवऱ्याने ते घर जमिनीसकट विकून टाकलं होतं.

चर्चच्या पाद्रीने त्यांचं आगतस्वागत केलं आणि जुनी नोंदवही समोर ठेवली. इंग्लंडमध्ये १५३८ पासून प्रत्येक चर्चने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद ठेवावी असा हुकूम होता. सगळीकडे तो लगेच पाळला गेला नाही. एक्टनची वही १५५५ पासून सुरू होत होती. त्याआधीचं काही नाही. दोनशे वर्षांचे फ्रँकलिन त्या पानांत एकाखाली एक लिहिलेले होते.

पाद्रीची बायको गप्पिष्ट आणि प्रेमळ होती. तिला या कुटुंबाच्या कितीतरी गोष्टी आठवत होत्या. थोरले काका थॉमस लोहार घराण्यातले, पण लिहिण्यावाचण्यात हुशार. ते गावाचे जणू वकीलच झाले होते. चर्चच्या मनोऱ्यात सुरेल घंटा बसवण्यासाठी त्यांनीच वर्गणी जमवली होती. नदीच्या पुरात गावाची कुरणं बुडू नयेत म्हणून सोपा उपायही त्यांनीच शोधला होता. बापलेकांनी त्या घंटांचे सूर तिथेच उभं राहून ऐकले. गंमत म्हणजे जुन्या कालगणनेप्रमाणे हे काका वारले ती तारीख ६ जानेवारी, आणि पुढे काही वर्षांनी बेंजामिन जन्मला तीही तारीख ६ जानेवारी.

मग ती बाई त्यांना चर्चच्या आवारात घेऊन गेली. थडग्यांवर शेवाळ इतकं माजलं होतं, की अक्षरं दिसेनात. तिने राठ ब्रश आणि पाण्याचं भांडं मागवलं. पीटर नावाच्या माणसाने दगड घासून लख्ख केले आणि विल्यमने त्यावरचा मजकूर उतरवून घेतला. हा पीटर लक्षात ठेवा.

धाकट्यांचं घराणं

वही चाळताना फ्रँकलिनला एक गोष्ट दिसली आणि तिची त्याला मोठी मौज वाटली. तो धाकट्या मुलाचा धाकटा मुलगा होता, आणि असं सलग पाच पिढ्या मागे चालत आलं होतं!

मौज खरी, पण या घराण्याने गाव का सोडलं याचा एक धागा इथेच सापडतो. लोहारकाम पुढे चालवायचं ते थोरल्याने. घर आणि जमीनही त्याच्याकडेच. धाकट्यांनी दुसरा धंदा शिकायचा आणि दुसरीकडे पोट भरायचं. बेंजामिनच्या आजोबांना मोठे झालेले चार मुलगे होते. थोरले थॉमस एक्टनमध्ये राहिले. जॉन बॅनबरीला गेले आणि लोकरी कापडाचे रंगारी झाले. काका बेंजामिन लंडनमध्ये रेशीम रंगवायला शिकले. सगळ्यात धाकटे जोसाया, म्हणजे आपल्या फ्रँकलिनचे वडील, बॅनबरीला भाऊ जॉन यांच्या हाताखाली रंगकाम शिकले. आजोबाही म्हातारपणी याच मुलाकडे राहायला गेले आणि तिथेच वारले. त्यांचं थडगं बापलेकांनी त्याच सहलीत बॅनबरीला पाहिलं. ते जुनं चर्च आता नाही. १७९० मध्ये ते पाडलं गेलं आणि त्या जागी नवं बांधलं.

स्टुलाखाली लपवलेलं बायबल

घर सोडण्यामागे दुसरं कारण होतं धर्माचं. त्याची एक सुंदर गोष्ट काका बेंजामिन सांगत असत.

१५५३ ते १५५८ या काळात इंग्लंडवर राणी मेरीचं राज्य होतं. ती कट्टर कॅथलिक. प्रोटेस्टंट मताच्या लोकांना तेव्हा जिवाची भीती होती. फ्रँकलिनच्या खापरपणजोबांकडे इंग्रजी बायबल होतं. ते त्यांनी एका लाकडी स्टुलाच्या खालच्या बाजूला, उघड्या अवस्थेत फितींनी बांधून ठेवलं होतं. वाचायचं असलं की स्टूल उलटं करून मांडीवर घ्यायचं आणि फितींखालून एकेक पान उलटायचं. एक मूल दारात पहाऱ्याला. धर्मन्यायालयाचा शिपाई येताना दिसला की मूल ओरडायचं, आणि स्टूल पुन्हा आपल्या चार पायांवर!

आता तारीख बघा. एक्टनची नोंदवही सुरू झाली १५५५ ला, याच राणीच्या राज्यात. म्हणजे एक पुस्तक घरात लपवलं जात होतं आणि त्याच सुमारास दुसऱ्या पुस्तकात त्याच घरातली नावं लिहिली जाऊ लागली होती.

पुढे देश प्रोटेस्टंट झाला, पण शंभरेक वर्षांनी राजमान्य चर्चबाहेर प्रार्थनेला जमायला कायद्याने बंदी आली. जोसाया आणि काका बेंजामिन या दोघांना त्या बंदी असलेल्या सभा जवळच्या वाटत. बाकीचं कुटुंब राजमान्य चर्चमध्येच राहिलं. एकाच घरात दोन वाटा झाल्या.

बॅनबरीहून बोस्टनला

जोसायाच्या ओळखीची काही मंडळी न्यू इंग्लंडला निघाली होती. त्यांनी त्यालाही सोबत चलण्याचा आग्रह केला. १६८३ मध्ये जोसाया, त्याची बायको ॲन आणि तीन लहान मुलं जहाजात बसली. तेव्हा अटलांटिक ओलांडायला साधारण दोन महिने लागत.

बोस्टनला पोहोचल्यावर कळलं, की इथे रंगाऱ्याला काम नाही. मग जोसायाने चर्बीच्या मेणबत्त्या आणि साबण बनवण्याचा धंदा धरला. ॲनला तिथे आणखी चार मुलं झाली आणि १६८९ मध्ये ती वारली. त्याच वर्षी जोसायाने अबाया फोल्जर हिच्याशी लग्न केलं. तिला दहा मुलं झाली. एकूण सतरा! त्यातली तेरा एका वेळी जेवणाच्या टेबलाभोवती बसलेली फ्रँकलिनला आठवत होती. १७०६ साली जन्मलेला बेंजामिन हा मुलग्यांत सगळ्यात धाकटा.

आज बोस्टनच्या ग्रॅनरी दफनभूमीत गेलात, तर मधोमध एक उंच दगडी स्तंभ दिसेल. त्यावर ठळक अक्षरांत 'फ्रँकलिन' लिहिलेलं आहे. अनेकांना वाटतं बेंजामिन इथेच पुरलेला आहे. तो आहे फिलाडेल्फियाला. बोस्टनचा स्तंभ त्याच्या आईवडिलांचा, जोसाया आणि अबायाचा. बेंजामिनने बसवलेला मूळ दगड झिजला म्हणून १८२७ मध्ये बोस्टनच्या नागरिकांनी हा नवा उभारला. साबण करणाऱ्या जोडप्याचं नाव पुसू द्यायचं नाही, असं एका शहराने ठरवलं.

ब्रश कोणाच्या हातात होता?

आता पीटरकडे वळू या.

पीटर हा फ्रँकलिनचा गुलाम होता. १७५७ मध्ये बापलेक लंडनला आले, तेव्हा त्यांच्यासोबत दोन गुलाम होते, पीटर आणि किंग. किंग विल्यमच्या दिमतीला असे. साधारण या सहलींच्याच काळात, मालक गावाबाहेर असताना, किंग पळून गेला. पुढे तो सफोकमध्ये एका बाईकडे सापडला. ती त्याला लिहायला, वाचायला, व्हायोलिन वाजवायला शिकवत होती.

पीटर मात्र एक्टनच्या आवारात वाकून दगड घासत होता. दुसऱ्याच्या पूर्वजांची नावं त्याच्या हातांनी उजेडात आली. त्याच्या स्वतःच्या आजोबांचं नाव कुठल्या वहीत असणार? फ्रँकलिनच्या पत्रातही त्याला आडनाव नाही.

हे एकट्या पीटरचं दुःख नाही. अमेरिकेच्या १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांची वेगळी यादी होती. तिच्यात मालकाचं नाव असे आणि गुलामांचं बहुतेक ठिकाणी फक्त वय, लिंग आणि वर्ण. १८७० च्या जनगणनेत पहिल्यांदा त्या लाखो माणसांची नावं लिहिली गेली. आजही अनेक कृष्णवर्णीय अमेरिकन कुटुंबांचा शोध त्या वर्षाशी येऊन अडतो. फ्रँकलिनची वही १५५५ पर्यंत मागे जाते, त्यांची १८७० ला थांबते.

फ्रँकलिनचा मोठेपणा इथे लपवायचा नाही आणि त्याची चूकही नाही. १७५७ च्या मृत्युपत्रात त्याने लिहून ठेवलं होतं, की आपल्यामागे पीटर आणि त्याची बायको जमायमा यांना मुक्त करावं. पण तो हयात असेपर्यंत ते त्याचेच. त्याच्या वर्तमानपत्रात गुलामांच्या विक्रीच्या जाहिरातीही छापून येत. म्हातारपणी मात्र तो गुलामगिरीविरोधी संस्थेचा अध्यक्ष झाला आणि १७९० मध्ये, मृत्यूच्या दोनच महिने आधी, गुलामगिरी संपवण्याचा अर्ज त्याच्या सहीने अमेरिकी काँग्रेसपुढे गेला.

मजकूर उतरवून घेणारा मुलगा

आणि विल्यम? १७७१ मध्ये फ्रँकलिनने आत्मचरित्र लिहायला घेतलं ते या मुलाला उद्देशून. सुरुवातीलाच त्याने एक्टनच्या सहलीची आठवण करून दिली. विल्यम तेव्हा न्यू जर्सीचा गव्हर्नर होता, इंग्लंडच्या राजाने नेमलेला. पाचच वर्षांत स्वातंत्र्ययुद्ध पेटलं. बापाने स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही केली, मुलगा राजाशी एकनिष्ठ राहून कैदेत गेला. १७८२ मध्ये विल्यम कायमचा इंग्लंडला परतला. जोसायाने ९९ वर्षांपूर्वी ओलांडलेला समुद्र नातवाने उलट्या दिशेने ओलांडला. १७८५ मध्ये साउथॅम्प्टनला बापलेक शेवटचे भेटले, पण मनं जुळली नाहीत. मृत्युपत्रात बापाने त्याच्यासाठी जवळजवळ काहीच ठेवलं नाही.

दोनशे वर्षांचे पूर्वज सापडले, पण सोबत चालणारा मुलगा हरवला.

तुम्ही जाल तेव्हा

लंडनच्या यूस्टन स्टेशनवरून नॉर्थॅम्प्टन साधारण तासाभरावर आहे. तिथून एक्टन जेमतेम पाच मैल. चर्चच्या आवारात थॉमस काका आणि त्यांची बायको एलिनॉर यांची थडगी आहेत. एक सूचना : पीटरसारखा राठ ब्रश मात्र मारू नका. जुना दगड त्याने झिजतो, अक्षरं कायमची जातात. सकाळी किंवा संध्याकाळी तिरपं ऊन पडलं की अक्षरं आपोआप उठून दिसतात. तेव्हा मोबाइलवर फोटो घ्या.

आणि एक्टनला जाणं जमलं नाही, तरी एक काम घरबसल्या करता येईल. आजी-आजोबांजवळ बसा आणि घराण्याची नावं लिहून घ्या. आजीचं माहेरचं नाव विचारा, तिच्या आईचं विचारा. मग आणखी एक प्रश्न विचारा : आपल्या घरी, शेतावर राबायला कोण येत असे? त्यांचं पूर्ण नाव काय होतं? आठवलं, तर तेही त्याच वहीत लिहा.