दिवसाची वीज

वेळ अमावास्येस शेतावर जेवावयास जाण्याचा परिपाठ आमच्या घरीं तीन पिढ्यांचा आहे. सोलापुराहून विजापूरच्या हमरस्त्यानें निघालें कीं वडकबाळास सीना लागते, आणि ती ओलांडल्यावर थोड्याच वेळांत मंद्रूप येतें. आणखी पुढें गेलें तर टाकळीपाशीं भीमा, आणि भीमेपलीकडे कर्नाटक. या दोन नद्यांच्या बेचक्यांतलीं माणसें सकाळीं मराठींत भांडतात आणि संध्याकाळीं कानडींत समेट करतात, असें आमचे आजोबा म्हणत.

जमीन नऊ एकर. कुळकायद्यानंतर आजोबांच्या हातीं तेवढीच राहिली. तींत सहा एकर काळी व तीन एकर मुरमाड माळ. काळींत रब्बीचा जोंधळा होतो आणि विहिरीच्या अंगानें दीड एकर ऊंस. माळावर कुसळाखेरीज कांहीं उगवल्याचें आमच्या स्मरणांत नाहीं. शेत वाट्यानें करणारे गृहस्थ आमच्याहून वयानें वडील आहेत. घरांतलीं लहानमोठीं सारीं त्यांस अण्णा म्हणतात. आजीच्या काळीं आमचा डबा वेगळा जाई आणि पंगतहि वेगळी बसे, हें लिहितांना आज संकोच वाटतो. आतां अण्णांच्या घरची भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबील यांवर आमचीं मुलेंच सर्वांच्या आधीं तुटून पडतात.

गेल्या मार्गशीर्षांत पंगतींत वाढावयास अण्णांचा धाकटा मुलगा होता. त्याच्या डाव्या पायाला तीनच बोटें आहेत. चार वर्षांपूर्वीं पौषांत, रात्रीं दोनच्या सुमारास ऊंसाला पाणी द्यावयास गेला असतां त्यास घोणस चावली. सोलापूरच्या सरकारी रुग्णालयांत तो अकरा दिवस होता. प्रतिविषाच्या बाटल्या चढल्या, प्राण वाचले, दोन बोटें गेलीं.

रात्रीं दोन वाजतां शेतांत कशाला गेला, असें शहरांतलीं माणसें विचारतात. खरें सांगावयाचें तर आम्हींहि प्रथम तेंच विचारलें होतें. शेतीपंपास तीन फेजांची वीज लागते, आणि ती सर्वांना सर्व काळ मिळत नाहीं, पाळीपाळीनें मिळते. कांहीं दिवस ती दिवसां येते, कांहीं दिवस रात्रीं. सगळ्या मोटारी एकदम चालू झाल्या तर तारांना व यंत्रांना तो भार सोसत नाहीं. शिवाय रात्रीं कारखाने-कचेऱ्यांची मागणी उतरली म्हणजे वीज मोकळी होते, तेव्हां ती शेताकडे वळवितां येते. हिशेबाच्या वहींत ही व्यवस्था अगदीं निर्दोष दिसते. पण ज्याचा फेरा रात्रीचा, त्याला बॅटरी घेऊन बांधावर जावेंच लागतें, आणि साप कांहीं वेळापत्रक पाहून निघत नाहीं.

आमच्याच तालुक्यांत आहेरवाडी-फताटेवाडीकडे कोळशावर चालणारे सहाशें साठ मेगावॅटांचे दोन संच उभे आहेत. पहिला २०१७ सालीं सुरू झाला, दुसरा २०१९ सालीं. म्हणजे तालुक्यांत वीज निपजते ती तेराशें वीस मेगावॅट, आणि अण्णांचा मुलगा मोटार सुरू करावयास जातो तो मध्यरात्रीं! हें कोडें आम्हांस पुष्कळ दिवस उलगडत नव्हतें. तें उलगडलें त्या दिवशींच, आणि तेंहि आमच्या मेहुण्यांमुळें. ते वीज मंडळांत अभियंता होते. आतां निवृत्त आहेत.

झालें असें कीं जेवणें आटोपतांच एक तरुण गृहस्थ मोटारसायकलीवरून आले. सौर प्रकल्पासाठीं जमिनी पाहणाऱ्या एका कंपनीचे ते मध्यस्थ होते. ‘मुख्यमंत्री सौर कृषि वाहिनी योजना’ २०१७ सालीं निघाली आणि २०२३ सालीं तिची सुधारलेली आवृत्ति आली, हें वाचकांच्या कानीं असेलच. गांवच्या उपकेंद्राजवळ लहान लहान सौर प्रकल्प उभारावे, त्यांची वीज थेट त्या उपकेंद्रांत सोडावी, आणि शेतीच्या फीडरांना ती दिवसां द्यावी, असा हिचा गाभा आहे. ५ ऑक्टोबर २०२४ रोजीं वाशीमच्या समारंभांत अशा पांच प्रकल्पांचें लोकार्पण झालें. पांचांची मिळून शक्ति एकोणीस मेगावॅट. जमीनमालकास हेक्टरीं सव्वा लाख रुपये वार्षिक भाडें, दर वर्षीं शेंकडा तीन वाढ, आणि गांवच्या पंचायतीस तीन वर्षें पांच पांच लाख, अशी योजनेची तरतूद. त्या गृहस्थांनीं आमची जमीन डोळ्यांनींच मोजली. उपकेंद्रापासून जवळ, सपाट, सावली नाहीं, म्हणाले, “नऊच्या नऊ एकर द्या. पंचवीस-तीस वर्षें घरबसल्या भाडें घ्या.”

हिशेब सोपा होता. वर्षास साडेचार लाखांच्या घरांत! चांगल्या सालीं एकरीं पांचसात पोतीं जोंधळा, त्यांतला अर्धा अण्णांचा. त्यापुढें ही रक्कम म्हणजे स्वप्नच. पुण्याचे दोघे चुलतभाऊ व अमेरिकेंतील बहीण यांचीं नांवें सातबाऱ्यावर आहेत. तिघांनींहि फोनवरून तेथल्या तेथें होकार दिला. अण्णा जवळच उभे होते. ते कांहींच बोलले नाहींत. भांडीं घांसून ठेवण्यास मुलाला हांक मारली, एवढेंच.

परततांना मेहुणे म्हणाले, “उपकेंद्रावरून जाऊं. जमीन देण्याआधीं तुम्ही तें पाहिलें पाहिजे.” उपकेंद्र म्हणजे काय, हें आमच्याप्रमाणेंच बहुतेक वाचकांनीं कुंपणाबाहेरूनच पाहिलें असेल. खडी पसरलेलें आवार, लोखंडी खांब, चिनी मातीच्या चकत्यांच्या माळा, आणि मध्यें गुणगुणणारी ती करड्या रंगाची पेटी. तेहतीस हजार व्होल्टांची वीज तेथें येते, अकरा हजारांची होऊन निरनिराळ्या फीडरांनीं बाहेर पडते, आणि पुढें शेताच्या कोपऱ्यावरील डीपीवर उतरून मोटारीपर्यंत जाते. खेड्यांतलीं बहुतेक उपकेंद्रें अशींच.

“आतां ध्यानांत घ्या,” मेहुणे कुंपणाला टेकून म्हणाले, “हें सारें एकाच दिशेचें बांधकाम आहे. तुमच्या घरच्या गच्चीवरच्या टांकीसारखें. पाणी वरून खालीं यावें, एवढाच विचार करून नळ घातलेले. उद्यां खालच्या बिऱ्हाडांनीं आपापल्या विहिरीचें पाणी त्याच नळांतून वर चढवावयास लागावें, तर काय होईल?” आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “जुने नळ फुटतील आणि शेजाऱ्यांशीं भांडण होईल.” मेहुण्यांना हें उत्तर फारच पसंत पडलें.

नळ फुटण्याचे प्रकार त्यांनीं एकेक करून सांगितले. ते आम्हांस समजले तसे देतों. पंप चालू आहेत तोंपर्यंत दुपारची सौर वीज तेथल्या तेथें खपते, आणि मग सगळेंच सोयीचें. वरून येणारा भार उलट हलका होतो. पण श्रावण-भाद्रपदांत, पाऊस झालेला असतां, एकहि मोटार चालत नाहीं आणि ढगांतून ऊन मात्र पडतें. त्या वेळीं चारपांच मेगावॅट वीज गांवांत मावत नाहीं. ती मागें फिरते आणि तेहतीस हजारांच्या तारेवर चढूं पाहते. तेव्हां ट्रान्सफॉर्मरची ताकद तेवढी पाहिजे. प्रकल्पाजवळच्या तारेवर व्होल्टेज वाढतें, तें आंवरण्याची सोय पाहिजे. तार तुटली किंवा दोष झाला तर पुरवठा तोडणारीं यंत्रें पूर्वीं एकाच बाजूकडे पाहत. आतां दोन्हीं बाजूंनीं वीज येणार, म्हणून त्यांनाहि दोन्हींकडे पाहावयास शिकविलें पाहिजे. शेतीचा फीडर गांवठाणाच्या फीडराहून वेगळा नसेल तर तो आधीं वेगळा केला पाहिजे. यांपैकीं एकहि गोष्ट रस्त्यानें जाणाऱ्यास दिसत नाहीं. काळ्या निळ्या तावदानांचीं रांगोळीसारखीं शेतें दिसतात. त्यांच्यापुढें फीतहि कापली जाते.

आम्हांस सर्वांत नवल वाटलें तें निराळ्याच गोष्टीचें. मुख्य तारेवरची वीज गेली कीं सौर प्रकल्पहि आपोआप बंद पडतो, ऊन कितीहि लख्ख असो! दुरुस्तीला खांबावर चढलेल्या माणसाच्या हातांत जिवंत तार येऊं नये म्हणून ही योजना असते, आणि ती योग्यच आहे. पण तिचा अर्थ असा कीं उपकेंद्र दुबळें असेल, वारंवार बंद पडत असेल, तर शेजारीं शंभर एकर तावदानें असूनहि शेतकऱ्याला दिवसां वीज मिळणार नाहीं. सूर्य उगवल्यानें पुरत नाहीं. त्याला आंत घेणारें दार उघडें लागतें.

असली अडचण एकट्या आपल्याच देशाची नव्हे. जर्मनींत घरोघरच्या सौर यंत्रांना पूर्वीं नियम घालून दिला होता कीं विजेची लय ५०.२ हर्ट्झच्या वर गेली कीं सर्वांनीं एकदम बंद व्हावें. यंत्रें थोडीं होतीं तेव्हां चाललें. हजारोंनीं वाढल्यावर ध्यानांत आलें कीं तीं सारीं एका क्षणीं बंद पडलीं तर देशाचीच वीज डळमळेल. २०१२ सालीं तेथें कायदेशीर हुकूम काढून जुन्या यंत्रांत फेर करणें भाग पडलें. यंत्र आधीं आणि व्यवस्था मागाहून, हा शहाण्यांचाहि स्वभाव दिसतो.

उलट व्यवस्था आधीं केल्याचें उदाहरणहि आमच्याच जिल्ह्यांत आहे, आणि तें सांगतांना मेहुण्यांचा आवाज चढला. दक्षिण भारताचें विजेचें जाळें पूर्वीं उरलेल्या देशाहून वेगळ्या लयीनें चाले. ३१ डिसेंबर २०१३ रोजीं रायचूर-सोलापूर ही सात लाख पासष्ट हजार व्होल्टांची वाहिनी सुरू झाली, आणि काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत सारा देश एका लयीवर आला. ही गांठ सोलापुरांत बसली, हें आमच्या शहरांत फारसें कोणास ठाऊक नसतें. चादरी मात्र सर्वांना ठाऊक असतात. “देशाची गांठ बसली,” मेहुणे म्हणाले, “आतां खेड्याची बसावयाची आहे. ती अधिक अवघड; कारण गांठी हजारों आहेत आणि प्रत्येकीची फोटोसाठीं किंमत शून्य.”

घरीं आल्यावर रात्रीं आम्हीं अण्णांना फोन केला. काय वाटतें तें मोकळेपणीं सांगा, म्हणालों. ते म्हणाले, “काका, दिवसा लाईट येनार आसंल तर माळ घ्या म्हनावं, फुकट म्हनलं तरी माजी ना न्हाई. पन काळीला हात लावू देऊ नका. काळी गेली तर दिवसाची लाईट घेऊन मी करू काय?”

या एका प्रश्नानें आमचा साडेचार लाखांचा हिशेब बसला. रात्रीचें पाणी चुकावें म्हणून जी योजना, तिच्यासाठीं ज्याचें पाणी त्याचेंच शेत काढून घ्यावयाचें! कागदोपत्रीं जमीन आमची हें खरें. पण सहा एकर काळी तीस वर्षें तावदानांखालीं गेली तर अण्णांना त्या भाड्यांतून एक पैहि कायद्यानें मिळत नाहीं. आम्हीं त्यांना वाटा देऊं म्हटलें, तरी तो आमच्या मर्जीचा. आणि आमच्या मागें मुलांच्या मर्जीचा. आमच्यासारख्या शहरांत बसलेल्या खातेदारांच्या घरोघरीं आज हा प्रश्न येऊं लागला आहे, आणि बहुतेक ठिकाणीं तो फोनवर दोन मिनिटांत सुटतो. आमच्याहि घरीं सुटलाच होता.

चुलतभावांची समजूत घालण्यास पौष संपला. थोरले म्हणाले, भावनेवर शेती चालत नाहीं. आम्हीं म्हटलें, चाळीस वर्षें ती भावनेवरच चालली. तुम्हीं एकदां तरी वहीं पाहिली आहे काय? बहिणीनें मात्र साधा प्रश्न विचारला: त्या मुलाचा पाय आतां कसा आहे? मग एकमतानें ठरलें कीं माळाचे तीन एकर द्यावे, काळी देऊं नये; आणि करार करण्यापूर्वीं उपकेंद्राचें काम मंजूर आहे किंवा कसें, तें लेखी विचारावें.

मध्यस्थ गृहस्थ तीन एकरांवर नाखूष झाले. एका मेगावॅटास चारपांच एकर लागतात. तीन एकरांचा तुकडा त्यांना परवडत नाहीं. मेहुण्यांनीं नकाशा पाहून सुचविलें कीं आमच्या माळाला लागून दोन शेजाऱ्यांचाहि माळच आहे. तिघांचा मिळून आठ एकरांचा एक सलग पट्टा होतो. एक शेजारी तयार आहे. दुसऱ्याचें आणि अण्णांचें बांधावरून सात वर्षें बोलणें नाहीं. अण्णा स्वतः त्याच्याकडे जाऊन आले, म्हणजे केवढें संकट पोटांत घालून गेले असतील, हें गांव जाणणाऱ्यासच कळेल.

परवां त्यांचा फोन होता. शेजाऱ्यानें चहा पाजला, होय म्हटलेलें नाहीं. जोंधळा पोटऱ्यांत आहे, पाण्याची एक पाळी हवीच. “ह्या आठवड्यात रातचाच नंबर हाय, काका,” ते म्हणाले. “पोराला गमबूट आनल्यात. घालंना झालाय, चालाया येत न्हाई म्हनतो.”

सातबाऱ्याचा ताजा उतारा काढण्यासाठीं सोमवारीं आम्हांस मंद्रूपला जावयाचें आहे. मुलाच्या मापाचे हलके बूट सोलापुरांत मिळतात कीं काय, तें आधीं पाहूं.