हिमरूच्या खोळी

निजामी अमदानीत हिंगोलीच्या तहसील कचेरीत पेशकारी केलेल्या माझ्या आजोबांची हिमरूची, म्हणजे सुती-रेशमी विणीच्या कापडाची, शेरवानी त्यांच्या पश्चात पेटीत पडून होती. ती कुणाच्या अंगाला येईना आणि टाकवेही ना, म्हणून दिवाणखान्यातील लोड-तक्क्यांना तिच्या बुट्ट्यांशी मेळ खाणाऱ्या नव्या खोळी कराव्यात असे घरात ठरले, आणि ती कामगिरी माझ्याकडे आली.

गावच्या बाजारात जे छापील कापड दाखविले गेले, त्यावर कमळ होते, वेल होती, रंगही डोळ्यांत भरणारे होते. परंतु शेरवानीशेजारी अंथरताच त्यातील कमळ निराधार वाटू लागले. त्याचे कारण मला औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, विणकराच्या मागापाशी बसल्यावर उमगले. हिमरूत ताणा सुती आणि बाणा रेशमी. बुट्टी उठते ती जादा बाण्याने, आणि प्रत्येक पाकळी धाग्यांच्या हिशेबाने उभी राहते. अजिंठ्याच्या छतांवर चित्रकाराच्या कुंचल्याने गोलाईने फिरलेली कमळे आणि हंस मागावर उतरताना पायरीपायरीने वळतात. वस्त्राच्या या मर्यादेतूनच त्यांना नवे, भारदस्त रूप प्राप्त होते. छपाईला असे बंधन नसते, म्हणून तिची कमळे कोठेही, कशाही आकाराची उमलतात.

पैठणीची बुट्टी दोन्ही बाजूंनी सारखीच नेटकी दिसते. हिमरूच्या पाठीवर मात्र बुट्टीचे रेशमी धागे मोकळे तरंगतात. शेरवानीला अस्तर लागे ते याचसाठी. आणि तक्क्यावर पाठ टेकणाऱ्यांची घसट सोसण्यासाठी हिमरूच्याच शिवलेल्या आमच्या खोळींनाही आतून पातळ सुती अस्तर लावून घ्यावे लागले.

पुढे औंढा नागनाथास गेलो असता मंदिराच्या जोत्यावरील कोरीव पट्टिका मी नव्या दृष्टीने न्याहाळल्या. तेथे पाषाणाने शिल्पकाराला जशी शिस्त लावली आहे, तशीच मागाने विणकराला लावली आहे. आणि ज्या नक्षीला तिच्या माध्यमाची शिस्त लागलेली नाही, ती कितीही प्राचीन असली तरी घराला शोभा देत नाही, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

म्हणून प्राचीन नक्षीचे म्हणून कापड विकले जात असेल, तर दर विचारण्यापूर्वी, नक्षी विणलेली आहे की नुसती छापलेली हे कळण्यासाठी, ते उलटून पाहावे.