सुटण्यापूर्वीचा डोंगर

वाळू, खडी, धान्य, मुरूम, डोंगरउतारावरची माती ही सारी एका विचित्र कुळातली द्रव्ये आहेत. यांचा एकेक कण घन असतो. पण कणांचा समुदाय कधी घनासारखा स्वस्थ बसतो, तर कधी द्रवासारखा वाहतो. अशा कणमय प्रवाहांचे संगणकीय प्रतिरूप, ज्याला आम्ही सरसकट 'सिम्युलेशन' म्हणतो, तयार करणे हा माझ्या उपजीविकेचा भाग आहे. साहित्याच्या अभ्यासकांना वाटते की यातील कठीण भाग गणिताचा असणार. वस्तुतः समीकरणे सॉफ्टवेअरमध्ये आधीच लिहिलेली असतात. वापरणाऱ्यावर जबाबदारी येते ती आरंभाची. कण कोठून सोडायचे, किती सोडायचे, कोणत्या अवस्थेत सोडायचे, एकदम की हळूहळू, हे त्याला ठरवावे लागते. कण सोडण्याच्या या अटी भरताना मला अनेकदा असे वाटले आहे की हा प्रश्न अभियांत्रिकीचा आहे तितकाच कथनाचाही आहे.

प्रथम साधे उदाहरण घेऊ. कंडाल आणि स्ट्रॅक यांनी 1979 मध्ये मांडलेल्या पद्धतीत प्रत्येक कण स्वतंत्र मानला जातो आणि दोन कणांच्या स्पर्शातून निर्माण होणारे बल क्षणाक्षणाला मोजले जाते. नरसाळ्यासारख्या तळाच्या कोठीतून धान्य कसे ओघळेल हे पाहायचे असेल, तर आधी कोठी भरावी लागते. कण हवे तेथे नुसते मांडून चालत नाही. दोन कण चुकून एकमेकांत घुसलेले राहिले, तर संगणक त्यांना दाबलेल्या स्प्रिंगप्रमाणे वागवतो आणि पहिल्याच क्षणी ते गोळीसारखे दूर फेकले जातात. म्हणून कण वरून पावसासारखे सोडायचे, ते एकमेकांवर आदळून स्थिरावेपर्यंत थांबायचे, त्यांची गतिज ऊर्जा जवळजवळ शून्यावर आली की मगच तळाचे दार उघडायचे. ज्याला आपण 'सुरुवात' म्हणतो तिच्याआधी अशी एक न दाखवलेली सुरुवात असते.

ही पूर्वतयारी केवळ सोय नव्हे. 1999 मध्ये व्हानेल, बेरिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाळूच्या ढिगांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. नरसाळ्यातून एका बिंदूवर ओतलेल्या शंकूच्या आकाराच्या ढिगाखाली, नेमक्या शिखराच्या खाली, दाब कमी भरतो. तसाच ढीग चाळणीतून पडावा तसा सर्वत्र सारख्या पावसाने रचला, तर तशी घट दिसत नाही. वाळू तीच आणि ढीगही तसाच. फरक फक्त रचण्याच्या रीतीचा. त्या शोधनिबंधाच्या शीर्षकात 'वाळूतील स्मृती' असे शब्द आहेत, आणि ते अलंकार म्हणून आलेले नाहीत.

आता डोंगराकडे वळू. येथे कण मोजणे अशक्य असते, म्हणून मातीचा सबंध लोंढा एक जाड थर मानून हिशेब करतात. नकाशावर उतारावरचा जो भाग सुटेल असे वाटते त्याभोवती रेघ मारायची, थराची जाडी भरायची आणि कळ दाबायची. जणू तो थर एका अदृश्य भिंतीने अडवून धरला होता आणि ती भिंत निमिषात नाहीशी झाली. धरण फुटावे तसा हा आरंभ. पूर्वी घडलेली घटना अभ्यासायची असेल, तर लोंढा प्रत्यक्षात जेथे थांबला तेथेच प्रतिरूपातही थांबेपर्यंत घर्षणाचे आकडे बदलत राहायचे. रीत उपयुक्त आहे आणि तिने पुष्कळ कामे निभावली आहेत.

माझ्या एका प्राध्यापक मैत्रिणीला असे एक प्रतिरूप दाखवत असताना तिने विचारले, "पण डोंगर का सुटला, हे तुझा संगणक सांगतो का?" मी म्हणालो, "नाही. तो सुटलाच आहे असे मी त्याला सांगतो." त्यावर ती म्हणाली, "मग तो सुटला कुठे? तू सोडलास."

मराठी व्याकरणाने हा भेद किती नेमका पकडला आहे! सुटणे आणि सोडणे, फुटणे आणि फोडणे, पडणे आणि पाडणे. पहिल्या क्रियेला कर्ता पुरवावा लागत नाही, दुसरीला तो द्यावाच लागतो. दरडीच्या बातमीत क्रियापद नेहमी पहिल्या जातीचे असते: दरड कोसळली, कडा सुटला. सॉफ्टवेअरमध्ये मात्र क्रियापद दुसऱ्या जातीचे आहे, कारण तेथे कळ दाबणारा कोणीतरी बसलेला असतो. आणि प्रतिरूप पूर्ण होऊन अहवाल लिहिला जातो तेव्हा हे 'सोडणे' पुन्हा गुपचूप 'सुटणे' होऊन जाते.

होरेसने महाकवीची प्रशंसा केली ती तो श्रोत्याला थेट घटनांच्या मध्यात नेऊन सोडतो म्हणून. पण महाकाव्याचा कवी नंतर मागे वळतो, आधीचे सांगतो. आमचे प्रतिरूप मध्यात सुरू होते आणि मागे वळतच नाही. त्यातल्या डोंगराला भूतकाळ नसतो.

या भूतकाळाने किती फरक पडतो? अमेरिकेत ओरेगन राज्यातील अँड्रूज प्रायोगिक वनात तेथील भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने बांधलेली 95 मीटर लांब, 2 मीटर रुंद आणि 31 अंशांनी उतरती अशी काँक्रीटची पन्हळ आहे. रिचर्ड आयव्हरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे पाण्याने भिजवलेल्या मातीच्या कृत्रिम दरडी घडवल्या आणि 2000 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्या मातीत पोकळ जागा एकूण आकारमानाच्या निम्म्याच्या आसपास होती, ती सरकू लागताच आक्रसली; कणांमधल्या पाण्यावरचा दाब वाढला, माती अंशतः द्रवरूप झाली आणि एका सेकंदाच्या आत तिचा वेग सेकंदाला 1 मीटरच्या पुढे गेला. ज्या मातीत पोकळी सुमारे चार दशांश होती, ती सरकताना फुगली. पाण्याचा दाब घटला आणि ती थबकत थबकत, सरासरी सेकंदाला 2 मिलिमीटर अशा गतीने घसरली. पन्हळ तीच, उतारही तोच. एका आरंभातून माणसाला चालत बाजूला होता येईल अशी घसरण निघाली, दुसऱ्यातून पळायलाही वेळ न देणारी.

22 मार्च 2014 रोजी वॉशिंग्टन राज्यातील ओसो येथे हे पन्हळीबाहेर घडले. सकाळी एक टेकाड सुटले, नदी ओलांडून सपाट खोऱ्यात एक किलोमीटरहून अधिक पसरले आणि त्याने वस्तीतल्या 43 जणांचा जीव घेतला. तो उतार पूर्वीही सुटलेला होता. 2006 मध्ये दरडीने तेथील नदीचे पात्र अडवले होते. आयव्हरसन आणि डेव्हिड जॉर्ज यांनी आपल्या डी-क्लॉ या प्रतिरूपाने ही घटना तपासली. या प्रतिरूपाचे वैशिष्ट्य असे की त्यात भिंत नाहीशी होत नाही. उतार आधी तोल सांभाळून उभा असतो, पाण्याचा दाब हळूहळू वाढवत नेला जातो, आणि तोल जातो त्या बिंदूपासून गती आपोआप सुरू होते. निष्कर्ष अस्वस्थ करणारा होता: मातीची आरंभीची सच्छिद्रता थोडी वेगळी असती, तर तेच टेकाड फार दूर न जाता थांबू शकले असते.

नाट्यशास्त्रात 'आरंभ' ही कार्याची अवस्था आहे आणि 'बीज' ही अर्थप्रकृती. दोन्ही नाटकाच्या सुरुवातीला येतात, म्हणून विद्यार्थी त्यांची गल्लत करतात. पण आरंभ म्हणजे फळाविषयीची उत्सुकता जागणे, आणि बीज म्हणजे अल्प रूपात पेरलेले, पुढे नाना प्रकारे विस्तारणारे कारण. भिंत नाहीशी करणाऱ्या प्रतिरूपाला आरंभ आहे, बीज नाही. डी-क्लॉसारखा प्रयत्न बीजाकडे एक पाऊल टाकतो. एकच पाऊल, कारण ती सच्छिद्रता कशी आली, वस्ती तेथे का वसली, हे त्याच्याही आवाक्याबाहेर राहते.

ओसोनंतर चार महिन्यांनी, 30 जुलै 2014 रोजी, पुणे जिल्ह्यातील माळीण गाव दरडीखाली गेले आणि दीडशेहून अधिक माणसे मरण पावली. नंतर अतिवृष्टीची चर्चा झाली, तशी डोंगरउतारावर शेतीसाठी केलेल्या सपाटीकरणाचीही झाली. त्या कारणांचा निवाडा करण्याची ही जागा नव्हे. मला बोचतो तो 'निसर्गाचा कोप' हा तेव्हा सर्वतोमुखी झालेला शब्दप्रयोग. तोही भिंत नाहीशी करणारा आरंभच आहे. त्यातही डोंगराला काल नसतो, फक्त आज असतो. अर्थात याच्या उलट टोकाला जाऊन प्रत्येक 'सुटणे' मागे एखादा 'सोडणारा' शोधून काढणे हेही तितकेच आळशीपणाचे. कितीतरी उतार माणसाचा हात न लागता सुटतात. पण कर्ता नाही हे शोधाअंती म्हणणे वेगळे, आणि क्रियापदानेच ते आधी ठरवून टाकणे वेगळे.

असो. असे अहवाल ज्यांच्यापुढे जातात त्यांची नजर नकाशावर लोंढा थांबतो त्या खालच्या रेघेकडे असते, आणि ते स्वाभाविक आहे. कोणाचे घर रेघेच्या आत आणि कोणाचे बाहेर हे तीच ठरवते. म्हणून मी आता एकच रेघ देत नाही. सैल माती, घट्ट माती, कमी पाणी, जास्त पाणी अशा चार-पाच आरंभांच्या चार-पाच रेघा देतो, आणि पहिल्याच पानावर लिहितो की उतारावरचा हा भाग सुटेल असे मी गृहीत धरले आहे, या जाडीचा आणि या अवस्थेतला. एका बैठकीत कोणीतरी विचारले होते, "यातली खरी रेघ कोणती?" मी त्यांना नकाशाच्या वरच्या टोकाला नेले आणि म्हणालो, "ते इथली माती किती सैल आहे यावर ठरेल. ती अजून कोणी मोजलेली नाही."