गोदावरीकाठून मांडवीकडे

मंगला एक्स्प्रेसमध्ये नाशिक रोडला चढले. समोरच्या बर्थवरच्या काकूंनी विचारलं, "गोव्याला का गं?" म्हटलं, "होडी बघायला." त्यांनी पांघरूण डोक्यावर ओढलं. त्यांचंही खरंच. अरबी समुद्र एवढा जवळ असून आमची गोदामाई त्याच्याकडे पाठ फिरवते आणि थेट बंगालच्या उपसागराला जाते. शिडाची होडी नाशिककराला कुठून ठाऊक असणार?

पण मला ओढ लागली होती ती नौदलाच्या 'तारिणी' या शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा केलेल्या सहाजणी अधिकाऱ्यांच्या गावांमुळेच. कप्तान वर्तिका जोशी उत्तराखंडच्या, पायल गुप्ता डेहराडूनची, प्रतिभा जामवाल कुलूची, विजया देवी मणिपूरची, ऐश्वर्या बोड्डापाटी हैदराबादची. समुद्रकाठची एकटी स्वाती, विशाखापट्टणमची.

कोकणातल्या बोगद्यांनी तुकड्यातुकड्यानं उजेड दाखवला. मडगावला उतरून पणजी गाठली आणि बेतीची फेरीबोट पकडली. पलीकडे वेरें गावात नौदलाचा 'आयएनएस मांडवी' तळ आहे. आत सोडत नाहीत; काठावरूनच समाधान मानलं. 10 सप्टेंबर 2017 रोजी 'तारिणी' इथूनच निघाली. लांबी जेमतेम 17 मीटर, म्हणजे एसटीच्या दीड गाडीएवढी. दक्षिण पॅसिफिकमध्ये ताशी 140 किलोमीटरचा वारा आणि दहा मीटरच्या लाटा झेलत, केप हॉर्नला वळसा घालून ती 254 दिवसांनी परतली. गंमत अशी, की युद्धनौकांवर स्त्री अधिकाऱ्यांची नियमित नेमणूक तेव्हा होत नव्हती. शिडाच्या होडीतून पृथ्वीला फेरी मारायला मात्र हरकत नव्हती! पुढे 2024-25मध्ये दिलना के. आणि रूपा अळगिरीसामी या दोघींनीच त्याच होडीतून प्रदक्षिणा केली.

दुसऱ्या दिवशी जुन्या गोव्याहून फेरीनं दिवाडी बेटावर गेले. तिथल्या रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात 'तारिणी' बांधली, आणि तिच्याआधीची 'म्हादेई'सुद्धा. 'म्हादेई'वरून दिलीप दोंदे एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय ठरले. मग अभिलाष टॉमींनी तीच फेरी कुठेही न थांबता केली. हेच टॉमी 2023 साली पृथ्वीप्रदक्षिणेच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत दुसरे आले. पहिली आली दक्षिण आफ्रिकेची कर्स्टन नॉयशेफर, तीही वाटेत होडी बुडालेल्या एका स्पर्धकाला वाचवून. या शर्यतीत बायकांचा गट वेगळा नसतो. टॉमी हरले ते तिच्याकडूनच.