पीक पाहणीचा स्क्रीनशॉट जपून ठेवा!

मंडळी, १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आहे. राधानगरीत डोंगराकडेच्या रानात रेंज नसते. नोंद आधी मोबाईलमध्ये साठते, रेंज आली की सर्व्हरवर जाते.

मी डेटाबेसचंच काम करतो, म्हणून सांगतो. अशा कुठल्याही ॲपात रेंज नेमकी मधेच तुटली, तर मोबाईल म्हणतो ‘गेली’, सर्व्हर म्हणतो ‘आलीच नाही’. दहादा नीट चालून अकराव्यांदा अडतं. ऑफिसच्या वायफायवर तर हा दोष दिसतच नाही! मग उत्तर ठरलेलं, “आमच्याकडं चालतंय की.”

म्हणून गट नंबर, तारीख, वेळ आणि स्क्रीनशॉट ठेवा. दोन्हीकडच्या नोंदी ताडल्या की चूक सापडते. आणि मागणी एकच: नोंद पोचल्याची पोच सर्व्हरनंच द्यावी. नुकसानभरपाई त्या नोंदीवर ठरते, राव!